इंग्रजी वाचायला शिकवून कुणाचं काय भलं होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नुकतीच निवृत्ती झाली, आठवड्यातले दोन-तीन तास मोकळे आहेत आणि ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही अशांना ते विनामूल्य शिकवावं असं मनात आहे. पण स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं, उच्चार बेताचे, शिकवण्याची पदवी नाही. मग याचा समोरच्याला खरोखर उपयोग होतो, की आपलं आपल्याला बरं वाटावं म्हणून करायचं हे काम आहे?

दोन्ही खरं आहे, आणि दुसऱ्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र उपयोग नेमका कशाचा होतो याबद्दल बहुतेकांची समजूत चुकीची असते. माझीही होती. सतरा वर्षांपूर्वी हिशेबाची नोकरी सांभाळून मी हे काम सुरू केलं, तेव्हा मी लोकांना 'इंग्रजी शिकवते' असं सांगत फिरायचे. तसं काही नसतं. इंग्रजी येणं ही फार लांबची गोष्ट आहे, आठवड्याच्या दोन तासांत ती होत नाही. आपण शिकवतो ते वाचन, म्हणजे कागदावरच्या खुणांमधून आवाज काढणं. समोरचा माणूस ज्या शब्दांपाशी अडतो, त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ त्याला आधीच ठाऊक असतात. अडतं ते फक्त खुणेपासून आवाजापर्यंत पोचताना. तेवढाच पूल आपण बांधायचा असतो, आणि तेवढा आपल्यासारख्यांना बांधता येतो.

पहिल्या वर्षी एक दादा यायचे. पंचेचाळिशीचे, बसचे ड्रायव्हर. मी समोर कागद ठेवला तर म्हणाले, "मॅडम, चष्मा घरी राहिला." पुढच्या वेळीही चष्मा घरीच. हे वाक्य नंतर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की आता ते मला नमस्कारासारखंच वाटतं. वाचता न येणाऱ्या माणसानं वर्षानुवर्षं जपलेली ती ढाल असते. ती हिसकावून घ्यायची नसते. मी म्हटलं, "असू दे दादा, मोठं लिहिते," आणि अर्धा कागद व्यापेल असं बी-यू-एस लिहिलं. ते झटक्यात म्हणाले, "बी, यू, एस." नंबरप्लेटी बघून बघून सगळी कॅपिटल अक्षरं त्यांना तोंडपाठ होती. "मग शब्द काय झाला?" गप्प. वीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला 'बस' वाचता येत नव्हतं.

त्या दिवशी मला कळलं की अक्षरांची नावं येणं आणि अक्षरांचे आवाज येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत हा फरक जाणवत नाही, कारण 'क'चं नावच 'क'. इंग्रजीत 'एच'च्या नावात 'ह' नाही. 'सी'च्या नावात 'क' नाही, 'जी'च्या नावात 'ग' नाही आणि 'डब्ल्यू'चं नाव तर 'व'च्या आसपासही जात नाही. "सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर" असं तालावर घोकलेल्याला कॅट येतं, पण 'कॅप' समोर आलं की तो थबकतो, कारण त्यानं वाचलेलं काहीच नसतं, पाठ केलेलं असतं. आपल्यातले बरेचजण असंच शिकलो आणि तरी वाचायला लागलो, ते अक्षरामागचे आवाज आपले आपण ताडले म्हणून. सगळ्यांना ते ताडता येत नाहीत. यात हुशारीचा संबंध नाही.

मी दादांना आवाज सांगायला गेले आणि पहिल्याच फटक्याला चुकले. मी म्हटलं, "ब, अ, स." त्यांनी जोडलं, "बअस." बरोबरच होतं त्यांचं. आपल्या प्रत्येक अक्षराच्या पोटात 'अ' बसलेला असतो आणि इंग्रजी व्यंजनाच्या पोटात काही नसतं. पण मराठीत त्यावर उपाय तयार आहे. मी म्हटलं, "पाय मोडलेला ब म्हणा." ब्. मग अ. मग पाय मोडलेला स. ब्… अ… स्. त्यांनी दोनदा पुटपुटलं, मग एकदम वर बघितलं. "बस?" "बस." मला वाटलं आता चेहरा उजळेल. त्यांना राग आला होता. "एवढंच होतं तर आजवर कुणी सांगितलं का नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता तुमच्या मराठी माध्यमाच्या काळजीकडे येते. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाचा एक साधा हिशेब मांडला. वाचून समजणं म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. मी हिशेबातली बाई, मला तो लगेच पटला, कारण बेरजेऐवजी त्यात गुणाकार आहे. दोहोंतलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. अक्षरं फाडफाड वाचता आली पण शब्द कधी कानावरच पडलेला नसला तर हाती काही लागत नाही. शब्द रोज बोलण्यातला असला पण अक्षरं उलगडत नसली तरी तेच.

मराठी माणसाच्या कानात इंग्रजी शब्द किती आहेत ते एकदा मोजून बघा. बस, पेन, बेड, पिन, पंप, लिफ्ट, टेस्ट, स्टॉप, नेट, बिल, चेक, बॅग, टॅक्सी, प्लॅटफॉर्म, चार्जर, बॅटरी, पासवर्ड. मी एकदा एका ताईंना दिवसभरात बोललेले इंग्रजी शब्द बोटावर मोजायला सांगितले, तर दुपारपर्यंतच बोटं संपली म्हणाल्या. म्हणजे गुणाकारातला दुसरा आकडा शून्य नाहीच. पहिला तेवढा वाढवायचा आहे. आणि यातले 'लिफ्ट', 'टेस्ट', 'पंप', 'स्टॉप', 'पिन' हे शब्द इंग्रजीतही अगदी सरळ लिहिले जातात, जसा आवाज तशी अक्षरं. इंग्रज मुलांसाठी केलेल्या पहिल्या पुस्तकात कोल्हे आणि घुशी असतात, ज्यांची इंग्रजी नावं आपल्या माणसानं कधी ऐकलेली नसतात. त्या पुस्तकापेक्षा 'लिफ्ट' शंभर पटीनं बरं. आणि कोणता शब्द समोरच्याच्या कानात आहे आणि कोणता नाही हे ओळखायला त्याच्यासारखंच मराठी बोलणारा माणूस लागतो. इथे उत्तम इंग्रजी येणारा परका शिक्षक तुमच्यापुढे कमी पडेल.

उच्चारांचं म्हणाल, तर स्कॉटिश माणूस, अमेरिकन माणूस आणि तुम्ही 'वॉटर' तीन तऱ्हांनी म्हणता, पण तिघांसमोरची अक्षरं तीच असतात. वाचायला शिकणाऱ्यानं छापील शब्दापासून आपल्या ओळखीच्या शब्दापर्यंत पोचायचं असतं, आणि त्याच्या ओळखीचा शब्द मराठी वळणाचाच असतो. 'हॉस्पिटल' त्याला तुमच्यासारखंच म्हणता आलं तरी काम झालं.

अर्थात इंग्रजीचं लिखाण वाकडंतिकडं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २६ अक्षरं आणि आवाज ४४च्या आसपास, बोलीनुसार थोडे इकडेतिकडे. फिलिप सीमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली इंग्रजी धरून १३ युरोपीय लेखनपद्धतींतल्या लहान मुलांची तुलना केली. बहुतेक देशांतली मुलं शाळेचं पहिलं वर्ष संपायच्या आत साधं वाचन करू लागतात, असं त्यांना दिसलं. जिथे जसं बोलणं तसं लिहिणं असतं, त्या भाषांच्या मानानं इंग्रजीतल्या मुलांचा वेग निम्म्याहून कमी पडला. ती तर इंग्रजीच बोलणारी मुलं होती. तेव्हा तुमचा विद्यार्थी अडखळला की त्याला हे जरूर सांगा. "चूक तुमची नाही, भाषेची आहे," एवढं ऐकून माणसाचे खांदे खाली येताना मी पाहिले आहेत.

हे वाकडेपण आलं कुठून, तेही थोडं सांगावं. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली इंग्लंडात पहिला छापखाना काढला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठत गेली. नेमक्या त्याच काही शतकांत इंग्रजांचे स्वर मात्र सरकत होते. छापलेलं जागेवर राहिलं, बोललेलं पुढे गेलं. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला पहिला 'के' एके काळी खरंच उच्चारला जायचा. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये मुका 'बी' आहे, तो तर विद्वानांनी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी मागाहून घुसवला. ही गोष्ट मी नेहमी सांगते, कारण ती ऐकून एक आजोबा म्हणाले होते, "म्हणजे शिकलेल्यांनीच घोळ घातला!" त्या दिवसापासून त्यांची मुक्या अक्षरांची भीती गेली, आता ते त्यांना थोडे हसतातसुद्धा.

आणि आपली मराठी तरी कुठे एवढी सोवळी आहे? 'चार'मधला च आणि 'चूक'मधला च मोठ्यानं म्हणून बघा. एकच अक्षर, दोन आवाज, आणि कोणता कुठे ते कुणी खुणेनं दाखवलेलं नाही. 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. हे दाखवलं की 'सी'चे दोन आवाज पचायला सोपे जातात. शिवाय 'सी'ला निदान नियम आहे. पुढे ई, आय किंवा वाय आला की तो 'स' म्हणतो, नाहीतर 'क'. 'जी'ला तसा नियम लावायला जाल तर 'गिफ्ट' आणि मिळणं या अर्थाचा 'गेट' हे शब्दच तुमचा पाय ओढतील. तो लावू नका.

सगळ्यात जास्त आनंद देणारा तास सांगायचा तर मुक्या 'ई'चा. शेवटी ई येतो, स्वतः काही बोलत नाही, पण मागच्या स्वराला स्वतःचं नाव घ्यायला लावतो. 'ए' मग 'ए'च म्हणतो, 'आय' हा 'आय' म्हणतो, 'ओ' हा 'ओ'. एका ताईंना मी पी-आय-एन लिहून दिलं. त्यांनी 'पिन' वाचलं. शेवटी ई जोडून 'पाइन' करायचा मोह आवरला, कारण तो शब्द त्यांच्या कानातला नव्हता. त्याऐवजी टी-आय-एम-ई लिहिलं. त्या ओठ हलवत राहिल्या. टिम… टिमे… मी काहीच बोलले नाही. मग बोटानं शेवटचा ई झाकला, उघडला, पुन्हा झाकला. "टाइम!" त्यानंतर वीस मिनिटं मी फक्त शब्द लिहीत होते आणि त्या ते फोडत होत्या: लाइन, साइड, पाइप, नेम, गेट, रेट, नोट, होम. एकही शब्द नवा नव्हता, सगळे रोजच्या तोंडातले. तास संपल्यावर त्यांनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. पुढच्या आठवड्यात येताना पाटीवर पाहिलेला 'सेफ' स्वतःहून लिहून आणला, आणि 'हॅव'सुद्धा. "हा का नाही ऐकत, बाई?" ऐकत नाही खरा. 'हॅव', 'गिव्ह', 'कम' हे तीन उनाड आहेत, ते पाठ करायचे. असे नियम न पाळणारे पण पावलोपावली भेटणारे शब्द पुष्कळ आहेत. एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ साली काढलेली २२० नेहमीच्या शब्दांची यादी अजून वापरतात. पण ती अख्खी घोकायला लावू नका. आठवड्याला तीन-चार शब्द पुष्कळ झाले.

अंदाजानं वाचण्याची सवय मात्र सुरुवातीलाच मोडावी लागते. मोठी माणसं फार चतुर असतात. पहिली दोन अक्षरं बघून आणि संदर्भ ताडून ती शब्द ठोकून देतात, दहातले सात बरोबर निघतात, आणि आपण खूश होतो. मग 'हॉस्टेल'चं 'हॉस्पिटल' होतं. अशा वेळी 'बरोबर की चूक' सांगत बसू नका. शब्दाच्या मध्यावर बोट ठेवा आणि विचारा, "इथे 'पी' दिसतो का?"

छोटा बी आणि छोटा डी यांच्यातला गोंधळ सगळ्यांचा होतो. कप उजवीकडून बघा नाहीतर डावीकडून, मेंदूला तो कपच वाटतो, आणि ते चांगलंच आहे. लिपीत तसं चालत नाही. देवनागरीच्या अक्षरांत अशी आरशातली जोडी नसल्यानं आपल्याकडे तो सराव झालेला नसतो. आकड्यांतले ३ आणि ६ तेवढे तसे आहेत, आणि लहान मुलं तिथेच चुकतात. ही आठवण करून दिली की मोठ्यांना हायसं वाटतं.

आता उपयोगाबद्दल. लोक म्हणतात नोकरी मिळेल, बढती मिळेल. मिळालीही असेल कुणाला. माझ्या पाहण्यात जे नेहमी घडतं ते याहून लहान आणि जास्त खाजगी असतं. एक ताई होत्या, त्यांच्या फोनवर येणारे सगळे निरोप त्यांचा मुलगा वाचून दाखवायचा. बहिणीचे, बँकेचे, डॉक्टरांचे, सगळे. गुणी मुलगा, कधी कुरकुर केली नाही. पण बाईला तिच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांनी काय कळवलं, बहिणीनं सासरचं काय लिहिलं, हे सगळं आधी मुलाला कळायचं आणि मग तिला. वाचता यायला लागल्यावर त्यांनी मला काय सांगितलं, तर "आता फोनला कुलूप लावलंय." त्यांच्या आवाजातला तो थाट मी विसरणार नाही. परावलंबन म्हटलं की आपल्याला पैसा आठवतो. पण ज्याला वाचता येत नाही त्याला गुपितच ठेवता येत नाही.

यात एक व्यावहारिक मुद्दाही दडला आहे. त्या बहिणीचे निरोप मराठीतच असायचे, फक्त इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले. आज कितीतरी मराठी बोलणं या अक्षरांत चालतं. म्हणजे इंग्रजी भाषा न येताही इंग्रजी अक्षरं वाचणाऱ्याला आपल्याच माणसांचं म्हणणं वाचता येतं. मी हे साहित्य दुसऱ्या महिन्यापासून वापरते. त्यात एक धोका आहे. तिथे 'ए' कधी अ असतो, कधी आ. 'के-ए-एल' म्हणजे काल की काळ हे वाक्य वाचूनच कळतं, आणि 'बॅट'मधला ए तर तिसराच. व्यंजनं पक्की होतात, स्वर ढिले पडतात. तरी मी वापरते. स्वतःच्या बहिणीचं पत्र वाचायला मिळतं तेव्हा माणूस ज्या चिकाटीनं बसतो ती दुसऱ्या कुठल्याही पुस्तकानं येत नाही. स्वरांचं मागाहून बघता येतं.

पदवी नसलेल्यांच्या शिकवण्यानं फरक पडतो का, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना स्वयंसेवकांनी शिकवण्याबद्दलचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून केलेले २१ अभ्यास २००९ साली एकत्र तपासले गेले. अक्षरं आणि शब्द ओळखणं, मोठ्यानं सलग वाचणं आणि लिहिणं यांत शिकवणी मिळालेली मुलं इतरांच्या पुढे होती. मोठ्यांच्या बाबतीत "आता या वयात काय" हा प्रश्न येतोच. तिथे मला २०१०चा स्तानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आठवतो. ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूंची त्यांनी चित्रं काढली. काही निरक्षर होते, काही लहानपणी शिकलेले, काही मोठेपणी. मोठेपणी शिकलेल्यांच्या मेंदूतही लिखित शब्द ओळखणारी जागा तयार झालेली दिसली. उशीर होतो, दार बंद होत नाही.

आणि रूथ कोल्विन. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात राहणाऱ्या या बाईंनी १९६१ साली वर्तमानपत्रात वाचलं की त्यांच्याच भागात ११ हजारांहून जास्त लोकांना कामापुरतंही वाचता येत नाही. त्या वाचनतज्ज्ञ नव्हत्या. जाणकारांना विचारत त्यांनी १९६२ साली स्वयंसेवक तयार करायला सुरुवात केली. ते काम पुढे देशभर पसरलं आणि २००२ साली फ्रँक लॉबाक यांनी उभ्या केलेल्या संस्थेशी जोडलं गेलं. कोल्विनबाई २०२४ साली १०७ वर्षांच्या होऊन गेल्या. तुम्ही निवृत्तीनंतर सुरू करताय, म्हणजे अजून वेळ आहे.

आता माझी एक चूक. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी यायची, विशीतली, शिकण्याची ओढ असलेली. मी तिची प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. शब्द अडला की अर्ध्या सेकंदात मीच सांगून मोकळी व्हायचे. मला ती मदत वाटायची. सहा आठवड्यांनी ती यायची थांबली. बऱ्याच दिवसांनी भेटली तेव्हा म्हणाली, "तुमच्यासमोर वाचताना मला श्वासच घेता यायचा नाही." मी तिला वाचू दिलंच नव्हतं. तिच्यासमोर बसून मीच वाचत होते.

न्यूझीलंडमधल्या अभ्यासकांनी मुलांचं वाचन ऐकणाऱ्या पालकांसाठी एक पद्धत बसवली होती: थांबा, सुचवा, शाबासकी द्या. यातलं थांबणं सगळ्यात अवघड. मनात सावकाश पाच मोजायचे. दोनवर जीभ वळवळायला लागते, तीनवर दया येते, चारवर वाटतं की याचा अपमान होतोय. आणि पुष्कळदा पाचच्या आत तो शब्द समोरून येतो. आला नाही तर अख्खा शब्द न सांगता एक धागा द्यायचा: पहिला आवाज, किंवा "मधल्या स्वराकडे बघा". तीन-चार शब्द लागोपाठ अडले तर उतारा अवघड आहे, तो बाजूला ठेवायचा. शाबासकीही नेमकी हवी. "छान" म्हणू नका. "शेवटचा टी तुम्ही सोडला नाहीत" असं म्हणा.

काही ठिकाणी थांबावं लागतं तेही सांगते. समोरच्याला मराठीही वाचता येत नसेल तर आधी मराठी. शिकण्याची सुरुवात मातृभाषेतून व्हावी हे युनेस्कोनं १९५३ सालीच सांगून ठेवलं आहे. पण मी ते सांगते तेव्हा युनेस्को माझ्या मनात नसतं. खुणेतून आवाज निघतो हा शोध माणसाला एकदाच लागतो, आणि तो सरळ लिपीत लवकर लागतो. लोक यावर नाराज होतात, "आम्हाला इंग्रजीच हवं" म्हणतात. मी तरी हटून बसते. दुसरं, डोळे. त्या बस चालवणाऱ्या दादांना लांबचं लख्ख दिसायचं, पण तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की जवळचं त्यांना खरोखरच धूसर दिसतं. चाळिशी लागली होती. मी त्यांचं बोलणं बहाणा समजून चालले होते आणि तो निम्मा खरा होता. आता चाळिशीपुढच्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात डोळे तपासून यायला सांगते. आणि एखाद्याला महिनोन् महिने आवाज सुटे करताच येत नसतील तर त्याला आळशी म्हणू नका, पण 'डिस्लेक्सिया आहे' असा शिक्काही आपण मारू नका. तो तपासणाऱ्या तज्ज्ञाचा प्रांत. लहान मुलांचं याहून वेगळं काही नाही, फक्त तास निम्मा करा.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे. आठवड्यातून एकदा दोन तास देण्यापेक्षा दोनदा चाळीस मिनिटं द्या. आणि सहा महिने जमणार नसेल तर सुरूच करू नका. उत्साहानं येऊन तिसऱ्या महिन्यात गायब झालेले स्वयंसेवक मी बरेच पाहिले. शिकणारा तेव्हा असं म्हणत नाही की त्यांना काम निघालं असेल. तो म्हणतो, माझ्याच डोक्यात काही शिरत नव्हतं म्हणून कंटाळले. शाळेत एकदा हे ऐकलेलं असतं, तेच पुन्हा पक्कं होतं.

तुम्हाला काय मिळेल? मला माझी मराठी दिसायला लागली. 'डॉक्टर', 'टीचर', 'कॉलर' हे तिन्ही आपण शेवटी सारखेच म्हणतो आणि तिघांचं स्पेलिंग तीन तऱ्हांचं आहे, हे पन्नाशीपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एका विद्यार्थ्यानं विचारलं तेव्हा आलं. बाकी समाधान वगैरे आहेच, तो तुमचा तुम्हाला येणारा अनुभव.

पहिल्या दिवशी पुस्तक नेऊ नका. कोरे कागद, जाड पेन आणि शर्टाची पाच-सहा बटणं न्या. छोटी अक्षरं सहाच घ्या: एस, ए, टी, आय, पी, एन. नावं सांगू नका, आवाज सांगा, पाय मोडून: स्, ॲ, ट्, इ, प्, न्. कागदावर तीन चौकोन आखा. 'पिन' म्हणा आणि प्रत्येक आवाजाला एकेक बटण चौकोनात सरकवायला सांगा. प्, इ, न्. मग बटणाच्या जागी अक्षर. पहिल्या दोन आवाजांना मिळून समोरच्याचं बोट हमखास एकच बटण ढकलेल, कारण त्याच्या कानात 'पि' हा एकच घास आहे. हसू नका, घाई करू नका, पुन्हा सावकाश म्हणा. त्यानंतर टिप, टॅप, पॅन, टिन. शेवटी चौथा चौकोन जोडा आणि 'पँट' येते का बघा.